उशीखालची मासिकं: जुन्या अंकांची किंमत ठरते कशी?

आजचा भाग आहे जुन्या मासिकांवर. त्यातही अशा मासिकांवर, जी घरात टीपॉयवर कधी दिसली नाहीत. पुरुष मंडळी ती आणायची, वाचायची आणि गादीखाली, कपाटामागे किंवा माळ्यावरच्या ट्रंकेत सरकवून ठेवायची. घरातल्या सगळ्यांना ती माहीत असायची, पण त्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

आपल्याकडे येणाऱ्या निरोपांत एक प्रश्न सतत असतो. "आमच्याकडे जुने अंक सापडलेत, त्यांचं काही येईल का?" नाशिकमध्ये हा प्रश्न जास्त ऐकू येतो, त्यालाही कारण आहे. जुन्या नाशकातले वाडे एकामागून एक उतरवले जातायत. वाडा बिल्डरकडे जायच्या आधी माळा रिकामा होतो, आणि माळा रिकामा करायचा म्हणजे पहिला फोन रद्दीवाल्याला. म्हणजे निर्णय घ्यायला फार तर एक दुपार असते. त्या दुपारी उपयोगी पडावं म्हणून हा भाग.

मूळ मुद्दा आधीच सांगून टाकतो. अंक किती जुना आहे, यावर त्याची किंमत फारशी अवलंबून नसते. त्याच्या किती प्रती आज उरल्यात आणि तुमच्या हातातली प्रत किती पूर्ण आहे, यावर ती ठरते. आता प्रती किती उरतात? तर लोक त्या अंकाशी कसे वागले, त्यावर. जपलेला अंक मुबलक राहतो. लपवलेला, फाडलेला, जाळलेला अंक दुर्मीळ होतो. लाज ही जुन्या कागदाच्या बाजारातली फार मोठी गोष्ट आहे, बरं का!

वय म्हणजे किंमत नव्हे

नाशिककरांना हे नोटांवरून पटकन कळेल. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून कोट्यवधी नोटा छापून बाहेर पडल्या. त्यातली एखादी चुरगळलेली जुनी नोट संग्राहकाला नेऊन दाखवा, तो बघणारही नाही. पण तीच नोट कोरी, घडी न पडलेली असेल, किंवा छपाईत चुकलेली असेल, तर तो खुर्ची पुढे ओढून बसेल. मासिकांचंही तसंच.

जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण 'प्लेबॉय'चं. त्याचा पहिला अंक अमेरिकेत डिसेंबर १९५३मध्ये निघाला, मेरिलिन मन्रोचं चित्र घेऊन. ह्यू हेफ्नरला दुसरा अंक निघेल की नाही याचीच खात्री नव्हती, म्हणून पहिल्या अंकावर तारीखच छापली नाही. सुमारे ५४ हजार प्रती खपल्या. आता त्याच मासिकाचा नोव्हेंबर १९७२चा अंक घ्या. तो ७० लाखांहून जास्त खपला. दोन्ही जुनेच, पण पहिल्याच्या मागे संग्राहक धावतात आणि दुसऱ्याची चांगली प्रत सहज मिळते. इतक्या प्रती छापल्या की निम्म्या जळाल्या तरी लाखो उरतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अंकात काय छापलंय, त्यावरही मागणी ठरते, आणि ते दरवेळी मुखपृष्ठावरची बाईच असेल असं नाही. रे ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट ४५१' ही कादंबरी १९५४मध्ये 'प्लेबॉय'च्या तीन अंकांतून क्रमशः आली होती. पुस्तकं जाळणाऱ्या समाजाची कादंबरी, आणि छापली कुठे, तर लोक लपवून वाचत होते त्या मासिकात. त्या तीन अंकांना 'प्लेबॉय' जमवणारेही शोधतात आणि ब्रॅडबरी जमवणारेही. एका अंकाला दोन प्रकारचे गिऱ्हाईक मिळाले की भाव आपोआप चढतो.

मराठीत काय होतं?

मराठीत 'प्लेबॉय' नव्हता. पण लपवून वाचायची मासिकं होती आणि ती एकाच प्रकारची नव्हती. चार उदाहरणं घेऊ. चारही वेगळ्या कारणांनी दुर्मीळ झाली.

पहिलं 'समाजस्वास्थ्य'. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७मध्ये ते सुरू केलं आणि १९५३पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूपर्यंत चालवलं. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार सोडणार नाही म्हणून नोकरी सोडली आणि पदरमोड करून मासिक काढलं. विषय लैंगिक शिक्षण, संततिनियमन, स्त्रीपुरुष समानता. मुखपृष्ठावर मात्र विवस्त्र स्त्रीचं चित्र. शरीराची लाज वाटायचं कारण नाही, ही कर्व्यांची भूमिका. खरं म्हणजे हे 'पुरुषांचं मासिक' नव्हतंच, ते दोघांसाठी होतं. पण आणायचे बहुतेक पुरुष, आणि ठेवायचे तिथेच, गादीखाली.

अश्लीलतेच्या आरोपावरून कर्व्यांवर खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून तो खटला होता. बाबासाहेबांचा युक्तिवाद असा, की लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही. निकाल विरोधात गेला, दंड झाला, पण मासिक चालू राहिलं.

आता बघा, या मासिकाचा सुटा अंक आज कोण शोधतो? कर्व्यांचे अभ्यासक, आंबेडकरी चळवळीचा कागद जपणारे, स्त्रीवादी संशोधक, आणि जुनी मुखपृष्ठं जमवणारे. चार गिऱ्हाइकं! आणि प्रती? आधीच खप थोडा, त्यात मालक गेल्यावर घरच्यांनी मुखपृष्ठ बघितलं आणि बंबात घातलं. कर्व्यांचं लेखन आता खंडांतून वाचायला मिळतं, म्हणजे मजकूर वाचलाय. पण त्या काळच्या जाहिराती, वाचकांची पत्रं, कागद, मुखपृष्ठ या सगळ्यासकट मूळ अंक हातात घेणं वेगळं.

'रंभा'चा दिवाळी अंक

दुसरं उदाहरण खुद्द दिवाळी अंकाचं. दिवाळी अंक म्हणजे सोवळं प्रकरण असं आपल्याला वाटतं. १९०९मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथून परंपरा सुरू झाली, वगैरे. पण १९६२मध्ये पुण्याच्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' आली आणि प्रकरण कोर्टात गेलं. खालच्या कोर्टानं लेखक आणि प्रकाशकाला सोडलं. उच्च न्यायालयानं दोषी धरलं, २५-२५ रुपये दंड केला, आणि आरोपींच्या ताब्यात अंकाच्या ज्या प्रती असतील त्या नष्ट करा असाही हुकूम दिला. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे १९६९मध्ये ते सुटले. कोर्टाचं म्हणणं साधारण असं, की लेखन फार उत्तम नसेलही, पण गोष्ट सगळी मिळून वाचली तर ती अश्लील ठरत नाही.

हे १९६९ साल लक्षात घ्या. त्याआधी पाचच वर्षं 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकल्याबद्दल मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा याच कोर्टानं कायम केली होती. त्यामुळे 'श्यामा'चा निकाल कायद्याच्या अभ्यासकांना माहीत असतो. पण ज्या अंकावरून एवढं झालं, तो अंक? विक्रेत्यांनी भीतीनं परत केला असेल, वाचकांनी लपवला असेल. मग पुढे कधीतरी तो 'काकांच्या ट्रंकेत' निघतो, मुखपृष्ठ बघून नाकं मुरडली जातात आणि किलोच्या भावानं जातो. कायद्याच्या इतिहासातला पुरावा मिसळीच्या पुड्या बांधायला!

'आवाज'ची खिडकी

तिसरं उदाहरण हलकंफुलकं. मधुकर पाटकरांनी १९५१मध्ये 'आवाज' सुरू केला. त्याची ओळख म्हणजे खिडकीचित्रं. पानाला भोक पाडलेलं असतं, त्यातून मागच्या पानावरच्या चित्राचा तेवढाच तुकडा दिसतो, आणि जे दिसतं ते भलतंच काहीतरी वाटतं. पान उलटलं की कळतं, तसं काही नाहीये. समजा खिडकीतून दोन गुबगुबीत गोल दिसले, तर पान उलटल्यावर ती शेजारी बसलेल्या दोन काकांची टकलं निघणार. चावटपणा चित्रात नसतो, बघणाऱ्याच्या डोक्यात असतो, आणि हसू त्याचंच येतं. आपल्या नाशिकचे व्यंगचित्रकार ज्ञानेश सोनार यांचं नाव या खिडकीचित्रांशी जोडलेलं आहे.

'आवाज'चा खप भरपूर, शिवाय लायब्ररीतून तो घरोघर फिरायचा. मग अडचण कुठे? खिडकीत. शंभर हातांनी ते पान उलटलं की भोकाच्या कडा फाटतात. कुणी पोरगं पान पळवतं, कुणी शिस्तप्रिय आजोबा पान चिकटवून टाकतात. त्यामुळे जुना 'आवाज' मिळतो, पण सगळ्या खिडक्या शाबूत असलेला जुना 'आवाज' मिळणं अवघड. अंक हातात आला की पानं मोजायची, आणि प्रत्येक खिडकीमागचं चित्र त्याच खिडकीचं आहे ना, हे उलटून बघायचं.

'डेबोनेअर': लेखांसाठी घेतो हो!

चौथं उदाहरण इंग्रजी, पण मुंबईचं. 'डेबोनेअर' १९७३मध्ये सुरू झालं. पुढच्या वर्षी विनोद मेहता संपादक झाले. मधल्या पानावर चित्र आणि बाकीच्या पानांवर बऱ्यापैकी गंभीर मजकूर, मुलाखती. पुढे इम्तियाज धारकर तिथलं कवितेचं पान सांभाळायच्या. "मी लेखांसाठी घेतो," हा विनोद जगभर चालतो, पण 'डेबोनेअर'च्या बाबतीत तो थोडा खरा होता. अटलबिहारी वाजपेयी भेटल्यावर म्हणाले होते, मासिक चांगलं आहे, पण उशीखाली ठेवावं लागतं, अशी आठवण मेहतांनी 'लखनौ बॉय' या आत्मचरित्रात सांगितली आहे. आजच्या भागाचं नाव तिथूनच सुचलं.

'डेबोनेअर'ची दुर्मीळता पुन्हा वेगळी. अंक राहिले, पण मधली घडीची पानं गेली. ती हॉस्टेलच्या भिंतीवर, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लागली. त्यामुळे मधलं चित्र जागेवर असलेली प्रत आणि नसलेली प्रत यांच्या भावात मोठा फरक पडतो. गंमत म्हणजे कविता शोधणाऱ्या अभ्यासकाला त्या चित्राचं काही पडलेलं नसतं. त्याला फाटकी प्रतही चालते, कवितेचं पान असलं म्हणजे झालं.

मग 'किर्लोस्कर'चं काय?

याच्या उलट बाजू बघा. १९२०मध्ये 'किर्लोस्कर खबर' म्हणून सुरू झालेलं पुढचं 'किर्लोस्कर', किंवा 'स्त्री', 'मनोहर'. घरात मानानं यायची, वर्षाचे अंक बाइंडिंग करून कपाटात उभे राहायचे. त्यामुळे ती आजही बऱ्याच घरांत सापडतात. आपल्याला वाटतं, काचेच्या कपाटातलं ते मौल्यवान आणि ट्रंकेतलं ते फालतू. बाजार बरेचदा उलटा विचार करतो.

त्यात बाइंडिंगची एक भानगड आहे. बाइंडर मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायचा, कारण जाडी वाढते. वर कडा कापून सारख्या करायचा. आजोबांच्या दृष्टीनं अंक जपले गेले, संग्राहकाच्या दृष्टीनं निम्मे गेले. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांसाठी लोक अंक घेतात, आणि नेमकं तेच पान गायब. तेव्हा बाइंड केलेला खंड असेल तर मुखपृष्ठं आत आहेत का, हे पहिलं बघा.

हातात अंक घेतल्यावर काय बघायचं

आधी सगळी पानं मोजा. पानांचे आकडे सलग आहेत का, मधली घडी आहे का, मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ मूळचंच आहे का.

मग पिना. गंजलेल्या पिनेभोवती कागद तांबूस होऊन फाटतो. पिना ओढून काढू नका. काढायच्याच असतील तर आतल्या बाजूनं पाय सरळ करून हळू काढाव्या लागतात.

मग शिक्के. लायब्ररीचा गोल शिक्का असला की कोऱ्या प्रतीइतका भाव येत नाही. पण तो शिक्का पुसायला जाऊ नका. बंद पडलेल्या एखाद्या गल्लीतल्या लायब्ररीचं नाव आज फक्त त्या शिक्क्यातच उरलेलं असू शकतं.

कागद दोन तऱ्हेचे असतात. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा, तो उजेडानं पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. गुळगुळीत चकचकीत कागदावर मातीसारखा लेप असतो. तो भिजला आणि तसाच वाळला की पानं एकमेकांना चिकटून वीट होते, पुन्हा सुटत नाहीत. गोदावरीचं पाणी सराफ बाजारात शिरतं तेव्हा काय होतं ते आपण २०१९मध्येही पाहिलंय. नदीकाठच्या घरांत कागद तळमजल्यावर ठेवू नका. भिजलाच तर ओला असतानाच पानापानांत कोरे कागद घालून पंख्याखाली वाळवा, उन्हात नको.

सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. टेपचा गोंद काही वर्षांनी तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि तो डाग जात नाही. अंक आडवे ठेवा, कोरड्या जागी, दर पावसाळ्यानंतर एकदा हवा दाखवा आणि कसर लागली नाही ना ते बघा.

आणि भाव? ऑनलाइन दिसतो तो मागितलेला भाव. कुणीही कशालाही पन्नास हजार मागू शकतो. खरा भाव म्हणजे ज्या रकमेला वस्तू विकली गेली तो. विकल्या गेलेल्या वस्तूंचे आकडे बघा, दोनतीन विक्रेत्यांना दाखवा, मग ठरवा.

एका ताईंचा प्रश्न

एका ताईंनी पाठवलेला निरोप त्यांच्या परवानगीनं, नाव न घेता सांगतो. पंचवटीतलं घर रिकामं करताना वडिलांच्या ट्रंकेत 'समाजस्वास्थ्य'चे काही अंक आणि 'डेबोनेअर'चा गठ्ठा निघाला. भाऊ म्हणतो, गुपचूप जाळून टाक, अण्णांचं नाव खराब व्हायला नको. ताई विचारतात, "यात काही किंमत असेल तर विकलं तर चालेल का, आणि वडिलांबद्दल मी आता काय समजायचं?"

ताई, कायद्याचं आधी. अंक घरात ठेवणं हा गुन्हा नाही. अश्लील मजकूर विकणं, विकण्यासाठी बाळगणं, याला पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २९२ होतं. जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ आहे. साहित्य, कला, विज्ञान किंवा अभ्यासासाठी लोकहिताचा असलेला मजकूर त्यातून वगळलेला आहे. कर्व्यांचं लेखन तर आज पुस्तकांच्या दुकानात मिळतं, त्यामुळे 'समाजस्वास्थ्य'ची काळजी नको. चित्रांची मासिकं विकायची असतील तर जाणत्या विक्रेत्याकडून आणि लागलं तर वकिलाला विचारून विका. समाजमाध्यमावर फोटो टाकून विकायला बसू नका.

दुसऱ्या प्रश्नाचं मला वाटतं ते सांगतो. ज्या काळात कुटुंबनियोजन हा शब्द घरात उच्चारत नसत, त्या काळात तुमच्या वडिलांनी किंवा आजोबांनी 'समाजस्वास्थ्य' मिळवून वाचलं. कदाचित त्यामुळेच तुमच्या आईची किंवा आजीची बाळंतपणं आठावरून तीनवर आली असतील. अंक उघडून बघा, कुठे पेन्सिलच्या खुणा आहेत का. कुठल्या ओळीखाली रेघ मारलीय ते वाचा. अण्णांनी जे तुमच्याशी बोलता आलं नाही, ते तिथे सापडेल. आणि 'डेबोनेअर'बद्दल म्हणाल तर त्या वयाच्या हजारो सभ्य माणसांच्या उशीखाली तो होता. तेवढ्यानं माणूस वाईट ठरत नाही.

जाळू मात्र नका. विकायचं नसेल तर यादी करा: मासिकाचं नाव, महिना, वर्ष, पानं पूर्ण की अपूर्ण. जुन्या मासिकांची ओळख पटवायला शंकर गणेश दाते आणि सहकाऱ्यांची मराठी नियतकालिकांची सूची उपयोगी पडते. मग ती यादी घेऊन आपल्या सावानात, म्हणजे १८४०पासूनच्या सार्वजनिक वाचनालयात, किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा. गठ्ठा थेट दारात नेऊन टाकू नका, यादी आधी. त्यांच्याकडे नसलेला एखादा अंक तुमच्याकडे असेल तर यादीवरूनच कळेल.

तर मंडळी, माळा काढायची वेळ आली तर रद्दीवाल्याला फोन करायच्या आधी एक तास द्या. वरवर सभ्य दिसणारं आधी बघू नका, सगळ्यात खाली दडवलेलं आधी बघा. आणि काही सापडलं, तर फोटो काढून आम्हाला जरूर कळवा. नावं आम्ही घेत नाही, तुम्हाला माहीतच आहे. भेटू पुढच्या भागात!